मेपल फोर्कचा आजा

सागरनं टाक उजळायला नेले, हे उकंडरावांना कळलं तेव्हा ते वांग्याच्या वाफ्यात उकिडवे बसले होते, आणि मग बराच वेळ त्यांना उठताच येईना.

"कवा नेले?"

"सकाळीच," योगिनी म्हणाली. आठ दिवसांवर लग्न येऊन ठेपलेली ही पुतण्याची, म्हणजे सागरची, पोरगी चहाचा थर्मास घेऊन बांधावर उभी होती. "बाबा बुलढान्याले चालले होते पत्रिका आनाले. आजी म्हने, जातच हायेस तं देवबी घेऊन जाय. कचरू सोनाराच्या दुकानात ठेवून आले."

"मी नेनार होतो ना. दरसाल मीच नेतो."

"दरसाल कुठी, लहान आबा? घरात लग्न असलं का नेता."

"तेच ते," उकंडराव म्हणाले आणि त्यांनी चांगलं सणसणीत रोप तण समजून उपटून टाकलं.

आता इथे एक गोष्ट उघड करून टाकलेली बरी, नाहीतर बासष्ट वर्षांच्या धडधाकट माणसाच्या पायातलं बळ एवढ्याशा बातमीनं का गेलं ते समजायचं नाही. देऊळघाटच्या सोनुन्यांच्या देव्हाऱ्यात चार टाक. खंडोबा, भवानी, बहिरोबा आणि आजा. आजा म्हणजे गोमाजी सोनुने, ज्यानं खडकाळ रानात डोक्यावरून माती वाहून ही भाजीपाल्याची शेती उभी केली. तो गेला तेव्हा घरच्यांनी चांदीच्या गोल पत्र्यावर त्याचा मुखडा ठोकून घेतला आणि देवांच्या पंक्तीत बसवला. घरात लग्न निघालं की हे चारही टाक सोनाराकडे जायचे, लखलखीत होऊन परत यायचे आणि त्यांच्यापुढे हळद लागायची. सगळं रीतसर. फक्त त्यातला चौथा टाक आजा नव्हता. तो अमेरिकेतल्या मेपल फोर्क नावाच्या गावाच्या शतकमहोत्सवाचा बिल्ला होता, आणि छत्तीस वर्षांपूर्वी उकंडरावांनीच तो आपल्या हातानं मागून लाख भरून तिथे बसवला होता.

तर झालं होतं असं. उकंडराव अठरा वर्षांचे असताना एका शेतकी मासिकाच्या शेवटच्या पानावर पत्रमैत्रीचे पत्ते यायचे. दहावीच्या इंग्रजीत दोनदा आपटलेल्या या गड्यानं शब्दकोश मांडीवर घेऊन आयोवातल्या अर्ल हॉब्सन नावाच्या मक्याच्या शेतकऱ्याला पत्र धाडलं, आणि त्याचं उत्तर आलं. उत्तराच्या घडीत एक बिल्ला होता. त्या देशात म्हणे गावोगावी हीच हौस. पूल बांधला, काढ बिल्ला. जत्रा भरली, काढ बिल्ला. कुणाचा भोपळा दोन माणसांना उचलेना, काढ त्याचाही बिल्ला. आकार बरोबर चांदीच्या डॉलरएवढा, रुबाबही तोच, पण डॉलर नव्हे. अर्लला या असल्या नावापुरत्या डॉलरांचं भारी वेड, आणि ते वेड पाकिटात घालून त्यानं देऊळघाटला पाठवलं. उकंडराव बदल्यात ढब्बू पैसे, भोकाचे पैसे पाठवायचे. आठ वर्षांत बेचाळीस बिल्ले जमले. एकावर बक्षीस मिळवलेली डुकरीण होती. एकावर पूल होता आणि मागच्या बाजूला पूल बांधणाऱ्या इंजिनियरचं कुत्रं. उकंडराव त्यांना चिंच लावून घासायचे, फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत निजवायचे.

थोरल्या भावजय मंजुळाबाई त्यांना अमेरिकेची झाकणं म्हणायच्या. एकदा झाकणं घासायच्या नादात कांद्याच्या रोपाला पाणी द्यायचं राहिलं आणि अख्खा वाफा करपला. तेव्हा त्यांनी दारात उभं राहून शांतपणे सांगितलं होतं, "भाऊजी, या झाकनांपायी माह्या घराचं पुन्हा काही वाकडं झालं, तं पेटी हिरीत जाईन." मंजुळाबाईंच्या तोंडून गेलेला शब्द माघारी आल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

आणि मग धाकट्या बहिणीच्या, रुखमाच्या लग्नाआधी उकंडराव टाक उजळून आणायला बुलढाण्याला गेले. सोनारानं तीन देव एका पुडीत दिले आणि आज्याची कड सांधायची राहिली म्हणून तो मागाहून वेगळ्या पुडीत दिला. खिशात अर्लला पाठवायच्या जुन्या पैशांची पुडी होतीच. दोन्ही पुड्या कॅलेंडरच्या कागदाच्या. पोस्टात जाऊन यांनी पाकीट बंद केलं, रजिस्टर केलं, पावती जपून ठेवली, भजी खाल्ली आणि घरी येऊन पुडी सोडली, तर आतून ढब्बू पैसे निघाले. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी ते पायरीवर जाऊन बसले होते. पण टपालाची थैली मलकापूरला जाऊन रेल्वेत बसली होती. आजा निघाला होता अमेरिकेला.

हळद चार दिवसांवर. उकंडरावांनी पेटी उपसली आणि त्यातल्या त्यात गंभीर चेहऱ्याचा एक दाढीवाला निवडला. तो थोडा जाड होता, पण कडेची अक्षरं लाखेत दडली. मंजुळाबाईंनी हळदीकुंकू वाहताना निरखून पाहिलं होतं. "आज्याले दाढी कवा आली?" उकंडराव म्हणाले, "शेवटी दवाखान्यात वाढली होती ना वहिनी. घासल्यावर उमटली." तसाही सोनारानं ठोकलेला मुखडा कुणासारखाच दिसत नव्हता. त्यामुळे ते निभावलं, आणि पुढे प्रत्येक लग्नात उकंडराव टाक घेऊन बुलढाण्याला जात, तीन देव सोनाराला देत आणि चौथ्याला स्टँडवरच्या चहाच्या टपरीमागे बसून चिंच लावून स्वतः घासत. छत्तीस वर्षं हे असं चाललं होतं.

"आबा, चहा निवला," योगिनी म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे सागर होता. कचरू सोनारानं निरोप दिला होता, की टाकाचं जरा बघावं लागेल, मी स्वतः तीन वाजता घरी येतो, मोठ्या माणसांना बसवून ठेवा.

उकंडरावांनी मळ्यातूनच मार्तंडरावांना फोन लावला. मार्तंडराव बुलढाण्याच्या कोषागारातून निवृत्त झालेले, जुन्या नाण्यांचे नादिष्ट आणि उकंडरावांचे या एका बाबतीतले जिवलग. उकंडरावांनी त्यांना सगळं सांगितलं. जगात आता दोन माणसांना ते माहीत झालं.

"तुम्ही या फक्त. आन म्हना, जुनं काम हाये, इंग्रजाच्या काळातलं. इंग्रजाचा काळ म्हटल्यावर इंग्रजी असनारच."

"उकंडराव, नाण्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही," मार्तंडराव म्हणाले. "मात्र मौन पाळू शकतो."

"पाळा मंग. पन तिथी येऊन पाळा."

तीन वाजता समोरच्या खोलीत सगळे जमले. पत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून सागरनं सतरंजी टाकली. वरवट बकालहून लग्नासाठी आलेल्या रुखमाबाई पापडांचा डबा मांडीवरून खाली ठेवायलाच तयार नव्हत्या. मंजुळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या डोक्यावर त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे थोरल्या दादांचा, हार घातलेला फोटो. दादांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. उकंडराव दाराजवळ बसले, कारण तिथून मळा जवळ पडत होता.

कचरूनं लाल फडकं सोडलं. "तीन देव चांदीचे, त्याईचं काही नाही. हा चवथा पितळेचा हाये, वरून निकेलचं पानी. मी म्हटलं अॅसिडात टाकाच्या आंधी इचारावं. लाख काढली तं मांगून इंग्रजी निंघालं."

"इंग्रजी?" मंजुळाबाई म्हणाल्या. "आज्याले मराठीबी वाचता येत नव्हतं."

सागरनं टाक हातात घेऊन उलटासुलटा केला आणि काकाकडे पाहिलं. रुखमाबाईंनीही पाहिलं. या घरात इंग्रजी लिहिलेली गोल वस्तू निघाल्यावर माणूस दुसऱ्या कुणाकडे पाहणार? उकंडरावांनी मार्तंडरावांकडे पाहिलं.

मार्तंडरावांनी खिशातून भिंग काढलं, टाक खिडकीकडे धरला आणि मौन पाळलं. ते मौन अर्धा मिनिट टिकलं असेल. 

"अहो, हा मेपल फोर्क आहे," ते म्हणाले. "एकोणीसशे छप्पन. मी याचं नुसतं चित्र पाहिलंय. या कडा बघा, ही धार कशी राखलीय बघा. आणि हळदीनं काय रंग चढलाय याला."

"जुनं काम हाये ना?" उकंडरावांनी हळूच सुचवलं. "इंग्रजाच्या काळातलं."

"छे. अस्सल आयोवा," मार्तंडराव म्हणाले. ते आता कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. "मागे काय लिहिलंय वाचतो. पन्नास सेंट. मेपल फोर्कच्या कोणत्याही दुकानात चालेल. मुदत चार ऑगस्ट एकोणीसशे छप्पन, दुपारी बारापर्यंत."

 योगिनीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं, कारण तिला हसू येत होतं आणि हसायची ही वेळ नव्हती.

"म्हंजे आज्याची मुदत सरून सत्तर वर्सं होत आली," सागर म्हणाला. "काका, हे तुमच्यातलं झाकन हाये का?"

"एक हरपलं होतं खरं," उकंडराव म्हणाले. हे बोलताना त्यांनी सतरंजीचा एक दोरा ओढायला घेतला आणि तो लांबच लांब येत राहिला. "रुखमीच्या लग्नाच्या टायमाले."

एवढं बोलून ते थांबले असते तर पुढलं काहीच झालं नसतं. पण रुखमाबाई हुशार. त्या दोन गोष्टी जोडून तिसरी काढायच्या, आणि ती नेहमीच भलती निघायची.

"माह्या लग्नात," त्या म्हणाल्या. डोळे एकदम भरले. "आता समजलं मले. मोठ्या दादाचे हात तवा लय तंग होते. माहे जोडवे कुठून आले, मी इचारलंबी नाही कधी. दादानं आजा मोडला व वैनी. चांदीचा आजा मोडला, अन् याच्या पेटीतलं झाकन काढून तिथी चिकटवलं. माह्यासाठी."

"काहीतरी काय आत्या," सागर म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. बापानं आपल्यासाठीही असंच काय काय मोडलं असेल, हा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू झाला होता.

"काहीतरी नाही. मोठा मानूस होता तो. कोनाले सांगतलं नाही त्यानं," असं म्हणून रुखमाबाईंनी पापडांच्या डब्यावर डोकं टेकलं आणि भावाचे गुण आठवून रडायला सुरुवात केली.

 उकंडरावांच्या लक्षात आलं, की आपण सुटलो. काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. दादा वरून हसले असते, म्हणाले असते, घाल बे माह्या नावावर, तू नापास झाला तवा तुह्यापायी बोलनी कमी खाल्ली का मी. पेटी वाचली. मंजुळाबाईंच्या चुलीपुढची पन्नास वर्षांची ठरलेली जागा वाचली. लग्न न केलेल्या माणसाला जगात एक जागा असते, ताट वाढलेलं असतं तिथली, आणि ती गेली तर पुढे कुठे बसायचं हे उकंडरावांना खरंच माहीत नव्हतं.

मंजुळाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मागे वळून त्या नवऱ्याच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या.  मग फोटोच्या काचेवरची नसलेली धूळ पदरानं पुसून त्या म्हणाल्या, "मले तरी सांगाचं होतं. मी काय नाही म्हटली असती?"

उकंडरावांच्या हातातला दोरा तुटला.

"वहिनी," ते म्हणाले. "दादानं नाही. म्या."

कुणाला काही समजलं नाही.

"दादाले काही माहीत नव्हतं. म्या आज्याले रजिस्टर पोस्टानं अमेरिकेले पाठवलं."

 सागर म्हणाला, "काऊन पन?"

"चुकून."

रुखमाबाईंनी डब्यावरचं डोकं उचललं. रडणं जागच्या जागी थांबलं होतं. "चुकून मानूस दुसऱ्या एस्टीत बसते. चुकून अमेरिकेले जाते का कोनी?"

उकंडरावांनी सगळं सांगितलं. दोन पुड्या, कॅलेंडरचा कागद, मलकापूरची रेल्वे. भज्यांचंही सांगितलं, कारण आता काहीच लपवायचं नव्हतं. सांगता सांगता त्यांना इतकं हलकं वाटायला लागलं, की टपरीमागच्या चिंचेपर्यंत ते आपण होऊन आले.

"म्हंजे मी," रुखमाबाई म्हणाल्या, "हळदीच्या अंगानं कोन्या परक्या गोऱ्याच्या पाया पडली. तरीच. तरीच ह्याइले रात्रभर घोरायची सवय लागली. तरीच माही सासू त्र्यान्नव वर्सं जगली."

"आत्या, त्याचा काय संबंध?"

"तू गप रे. तुह्या बायकोनंबी याच्याच पाया पडून माप वलांडलं."

हे ऐकून इतका वेळ दारात उभी असलेली सागरची बायको, दीपमाला, हळूच आत निघून गेली. कदाचित तिलाही काही काही गोष्टींचा उलगडा झाला असावा.

मंजुळाबाईंनी उकंडरावांकडे पाहिलंही नाही. "पेटी आना," त्या म्हणाल्या.

उकंडरावांनी पेटी आणली. आणताना ती रोजच्यापेक्षा जड लागली. रुखमाबाई मघापर्यंत दादाच्या बाजूनं होत्या, त्या आता विहिरीच्या बाजूला गेल्या. "टाका वैनी. मी हिरीचं झाकन धरतो." सागर म्हणाला, "जाऊ दे ना आई, लग्न तोंडावर हाये, काकाचं वय पाह्य." योगिनी लहान आबांच्या शेजारी जाऊन बसली. मार्तंडरावांना विहीर म्हणजे काय ते कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर ते कासावीस झाले.

"वहिनीसाहेब, राग रास्त आहे," ते म्हणाले. "पण विहिरीतच टाकायचे असतील, तर विहीर आमच्या बुलढाण्याच्या घरीही आहे. मी घेऊन जातो, माझ्या हातानं टाकतो. तुम्हाला कशाला त्रास."

"तुमी मौन पाळा," उकंडराव म्हणाले.

मंजुळाबाईंनी पेटी सतरंजीवर उपडी केली. एक्केचाळीस पुरचुंड्या घरंगळल्या. डुकरीण बाहेर पडली, पूल पडला, भोपळा पडला. आणि सगळ्यांत शेवटी, तळाशी चिकटून बसलेलं एक निळं पाकीट पडलं. लाल-निळ्या काठाचं, कडा पिवळ्या पडलेल्या. ते अजून बंद होतं.

"हे काय?"

"अर्लचं पत्र," उकंडराव म्हणाले. "शेवटलं. आजा पोचल्यावर आलेलं."

"फोडलं काऊन नाही?"

उकंडराव पाकिटाकडे पाहत म्हणाले, "भेव वाटलं. तो लिहीन, हे काय पाठवलं, का पाठवलं. त्याले काय सांगू? माहा आजा वापस पाठव म्हनून तीन पत्रं लिहिली अन् फाडली. इंग्रजीत तं ते लयच येड्यासारखं दिसे. मंग लिहिलंच नाही काही. त्याची अजून दोन कार्डं आली नाताळाची. मंग तीबी बंद झाली." त्यांनी नाक पुसलं. "माहा एकच दोस्त होता तो. त्याले मी उत्तर नाही देलं."

मंजुळाबाईंनी पाकीट योगिनीपुढे धरलं. "वाच."

योगिनी बी.एस्सी. अॅग्री झालेली. तिनं पाकिटाची कड जपून फाडली. आधी ती मनातल्या मनात वाचत गेली, आणि वाचता वाचता तिचा चेहरा असा काही झाला, की रुखमाबाई म्हणाल्या, "काय झालं? आजा हरपला का तिथी?"

"थांब न आत्याआजी. मराठीत सांगतो." योगिनीनं घसा साफ केला.

"प्रिय उकंड. तुझ्या आजोबांचा मुखडा आज पोचला. पाकीट उघडलं आणि मी बायकोला गोठ्यातून हाक मारली. तू एकदा लिहिलं होतंस, की तुमचे आजोबा चांदीवर असतात आणि देवांच्या शेजारी बसतात. ते वाचल्यापासून माझ्या मनात होतं, म्हणून मागच्या खेपेला मी तुला माझे वडील पाठवले. तेव्हा तसं लिहायला संकोच वाटला. ते चांदीचे नाहीत. पण त्या बिल्ल्यावर जी दाढी आहे ती त्यांची. ते आमच्या गावचे दातांचे डॉक्टर होते. शतकमहोत्सवाच्या वर्षी गावात कुणीच दाढी करायची नाही असं ठरलं, आणि त्यांची दाढी फेब्रुवारीतच सगळ्यांच्या पुढे गेली, म्हणून बिल्ल्यावर त्यांना घेतलं. माझ्याजवळ तो एकच उरला होता. मला वाटलं, तुझ्या घरी त्यांना मान मिळेल."

योगिनी थांबली. सतरंजीवर लाल फडक्यात पडलेल्या दाढीवाल्याकडे सगळ्यांनी पाहिलं. कचरूनं त्याच्यावर चुकून ठेवलेला चष्म्याचा डबा उचलला.

"पुढं वाच," मंजुळाबाई म्हणाल्या.

"पण बदल्यात तू तुझे आजोबा पाठवशील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. एवढं मला आजवर कुणी दिलेलं नाही, आणि माझ्याच्यानं याची परतफेड व्हायची नाही. ते आमच्या बैठकीत फळीवर बसलेत, माझ्या आईच्या फोटोशेजारी. रविवारी आम्ही सगळे जेवायला जमतो. बायको म्हणते, त्यांच्यापुढेही ताट ठेवायचं. तर ते काय खात होते, तेवढं कळव. तुझा अर्ल."

उकंडराव रडायला लागले. उघड, तोंडासमोर हात न धरता. छत्तीस वर्षं ज्या पाकिटाला ते भीत होते, त्यात एवढंच होतं. एका माणसानं साधी एक गोष्ट विचारली होती आणि त्यांनी ती चिंध्यांखाली दाबून ठेवली होती. योगिनीनं त्यांचा हात धरला. रुखमाबाईंनी पापडांचा डबा शेवटी खाली ठेवला आणि त्याही रडायला लागल्या, पण आता कुणासाठी ते त्यांचं त्यांनाही ठरवता येईना.

मंजुळाबाई मात्र विचारात पडल्या होत्या. त्यांची जीभ तोंडातल्या तोंडात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. "दाताचा डाक्तर?" त्या म्हणाल्या.

"हो आजी."

"म्हनूनच." बहात्तराव्या वर्षी ऊस दातानं सोलून खाणाऱ्या मंजुळाबाईंनी मान हलवली. "मी म्हनो, माह्या संगच्या साऱ्या बायाइचे गेले, माहे काऊन राह्यले."

"मी सासरी गेली ना," रुखमाबाई हुंदक्यातून म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही कवळ्या शेगावच्या होत्या.

मंजुळाबाई खाली बसल्या. त्यांनी मेपल फोर्क उचलून तळहातावर घेतला आणि बोटानं त्याच्या दाढीवरली लाख खरवडली. मग तो कचरूच्या हाती दिला.

"हे उजळून आन. पितळेचं जसं उजळतेत तसं. अॅसिडात टाकू नको, दाढी जाईन त्याची."

"देवाऱ्यात बसवतेस का आई याले?" सागरनं विचारलं.

"बसवतो म्हंजे? बसेलच हाये तो. त्याच्या पोरानं मानासाठी पाठवला, अन् मी काय लग्नाच्या तोंडावर त्याले उठवू?" मग त्या उकंडरावांकडे वळल्या. दुपारपासून पहिल्यांदाच. "भाऊजी, हे बाकीचे गोळा करा. अन् एकेक पाह्यून घ्या, याच्यात अजून कोनाचा बाप तं नाही ना. डुकरीन बाजूले ठेवली तरी चालीन."

उकंडरावांना पेटी वाचल्याचं कळायला थोडा वेळ लागला. मार्तंडरावांना लगेच कळलं. ते गुडघ्यावर येऊन पुरचुंड्या गोळा करायला लागले, आणि एकेक चेहरा भिंगाखाली धरून त्याच्या नातेवाइकांचा अंदाज घ्यायला लागले.

"पाकिटावर पत्ता हाये ना?" मंजुळाबाईंनी योगिनीला विचारलं.

"हाये. पन आजी, छत्तीस वर्सं झाली. तो मानूस आता..."

"तो नसंन तं त्याचे पोरं असतीन. आजा तं हाये ना तिथी. कागद घे." आणि पत्रिकांच्या गठ्ठ्यातून योगिनीनं एक कोरा लिफाफा ओढेपर्यंतही त्या थांबल्या नाहीत. "लिही. आज्याले जवारीची भाकर लागे. वांग्याचं भरीत, पन तेल कमी. मिरची चालत होती, शेवटी शेवटी नाही. दात नव्हते त्याले, म्हना. भाकर दुधात कुस्करून द्या लागे, मी द्यायची."

"दात नव्हते?" सागर म्हणाला. "बरं झालं मंग. चांगल्या घरी गेला."

रुखमाबाईंना हसू फुटलं, मग कचरूला, मग उकंडरावांना, आणि डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून ते हसत राहिले. मंजुळाबाई हसल्या नाहीत. त्या देव्हाऱ्यातल्या चौथ्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"अन् भाऊजी, खाली तुमच्या हातानं लिहा," त्या म्हणाल्या. "इचारा त्याइले, तुमचा डाक्तर काय खात होता. छत्तीस वर्सं मी त्याले पुरनपोळीच वाढून राह्यली. आवडते का नाही, कोनी इचारलंच नाही त्याले."